शाळा गेटच्या बाहेरच सुरू होते: मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

शाळा भरण्याआधीची वीस मिनिटं आणि सुटल्यानंतरची वीस मिनिटं शाळेच्या गेटसमोर जे चालतं, त्याबद्दल हे पत्र आहे. गेटच्या आत एखाद्या मुलाचा गुडघा खरचटला तरी तुम्ही घरी फोन करता. गेटच्या बाहेर पाच पावलांवर तीच मुलं मागे येणाऱ्या, वळणाऱ्या, मधेच दार उघडणाऱ्या गाड्यांमधून वाट काढतात आणि तिथे त्यांना कोणी वाली नसतो. नगरपालिका म्हणते, गर्दी शाळेची आहे. शाळा म्हणते, रस्ता नगरपालिकेचा आहे. आणि बेशिस्तीचा विषय निघाला की दोघांचंही बोट पालकांकडे वळतं.

मुलं शाळेत कशी येतात, हा प्रश्न शाळेने स्वतःचा मानावा, ही माझी मागणी आहे. जास्त मुलांनी चालत, सायकलने किंवा बसने यावं असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर ते घडवून आणण्याची ताकद शाळेकडे आहे. एकेकट्या पालकाच्या हातात ते नाही.

का नाही, ते सांगते. समजा, एखाद्याचं घर शाळेपासून एक किलोमीटरवर आहे. मुलगी चालत जाऊ शकते, तिला जायचंही आहे. पण शेवटच्या वळणावर गाड्यांची झुंबड असते, म्हणून तिला गाडीतून सोडायचं ठरतं. झुंबडीत एक गाडी वाढली. ती पाहून शेजारचेही तेच ठरवतात. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी बरोबर असतो, आणि सगळ्यांचे निर्णय मिळून रस्ता असा होतो की चालत येणारं मूलच तिथे उपरं ठरतं.

हे किती वेगाने होतं याची एक नोंद इंग्लंडमध्ये आहे. मेयर हिलमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ आणि १९९० अशा दोन वेळा एकाच प्रकारची पाहणी केली. १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठं माणूस सोबत नसताना शाळेत जात होती. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. अमेरिकेत पाच ते चौदा वयोगटातली चालत किंवा सायकलने शाळेत जाणारी मुलं १९६९ साली ४८ टक्के होती, २००९ साली १३ टक्के उरली. हिलमन यांच्या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या अपघातांत दगावणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली आणि सरकारने ते रस्ते सुरक्षित झाल्याचं लक्षण मानलं. हिलमन यांचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं: रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलांना रस्त्यावरून उचलून घेतलं गेलं आहे. अपघात होत नाहीत म्हणून आपलं गेट सुरक्षित आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तिथे चालणारी मुलं किती उरली आहेत हे एकदा पाहा.

गेटसमोर दहा मिनिटं नीट उभं राहिलं की पुष्कळ गोष्टी दिसतात. दोन उंच गाड्या कडेला लागलेल्या असतात. त्यांच्या मधून सात वर्षांचं मूल रस्त्यावर येतं, तेव्हा त्याचं डोकं गाड्यांच्या छपराच्या बरंच खाली असतं. येणाऱ्या चालकाला ते दिसत नाही आणि मुलालाही येणारी गाडी दिसत नाही. डोळ्यांनी रस्ता दिसावा म्हणून मुलाला गाड्यांच्या पुढे दोन पावलं टाकावी लागतात, आणि ती दोन पावलं म्हणजेच धोका. अशा ठिकाणी वेगाचा हिशेब कोवळ्या अंगाला सोसणारा नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीच्या धडकेत ताशी ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा ठेवण्याचा आग्रह आहे तो याचमुळे.

आता हवेचं. शाळेत सोडायला येणाऱ्या गाड्या बहुतेक लहान अंतराच्या असतात, आणि लहान अंतरच सर्वांत घाण. गाडीतलं विषारी वायू कमी करणारं यंत्र, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चांगलं तापल्याशिवाय काम करत नाही. सकाळच्या गार इंजिनाने दोन किलोमीटर जाऊन गाडी गेटशी पोचते तेव्हा कुठे ते तापायला लागलेलं असतं. म्हणजे प्रवासाचा बराचसा धूर गाळला न जाताच बाहेर पडतो, आणि उरलेला गेटसमोर इंजिन चालू ठेवून थांबण्यात. मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात आणि त्यांचं नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ असतं. काच लावून आत बसलेलं मूल यातून सुटतं असंही नाही. रहदारीत अडकलेल्या गाडीत पुढच्या गाडीचा धूर आत ओढला जातो, आणि अनेक मोजण्यांमध्ये गाडीतली हवा फुटपाथवरच्या हवेपेक्षा वाईट निघाली आहे.

विजेवरच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, असं काहीजण म्हणतात. धूर कमी होईल, हे खरं. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी बारीक धूळ राहील, रस्त्यावरची जागा तेवढीच अडेल आणि मूल तेवढंच बसून राहील.

लंडनमधल्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मोठ्या रहदारीच्या रस्त्याजवळ तिचं घर होतं. तीव्र दम्याने २०१३ साली ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण अधिकृतपणे नोंदवलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं, आणि ते तिच्या आईने वर्षानुवर्षं लढा दिला म्हणून घडलं. मुलांना चालवायचं तर कोणत्या रस्त्याने, हाही विचार करावा लागतो तो अशा मुलांसाठी. थोडी लांबची पण शांत गल्ली मुख्य रस्त्यापेक्षा नेहमीच बरी.

कार्बनचा हिशेबही घरगुती आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. घर दोन किलोमीटरवर असेल आणि पालक सोडून परत घरी येत असतील, तर दोन वेळा मिळून रोज आठ किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं तर २०० दिवसांच्या शाळेत एका मुलामागे जवळपास २४५ किलो. आपल्या पटावर किती मुलं आहेत, ते तुम्हाला माहीत आहे.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांच्या अंगाची आणि मनाची. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकरा ते सतरा वयोगटातली जगभरातली ८० टक्क्यांहून अधिक मुलं तेवढी करत नाहीत, हेही तिचेच आकडे. त्यासाठी आपण खेळाचे तास वाढवतो, क्लास लावतो. घर ते शाळा हे अंतर मात्र रोज दोनदा, फुकट, वेळापत्रकात आधीपासून बसलेलं असतं. डेन्मार्कमध्ये २०१२ साली सुमारे वीस हजार विद्यार्थ्यांच्या पाहणीत चालत किंवा सायकलने आलेल्या मुलांचं लक्ष वर्गात जास्त लागत असल्याचं दिसलं. एका पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी पहिल्या तासाला वर्गात असणाऱ्या कोणत्याही शिक्षकांना विचारा, अर्धवट झोपेत गाडीतून उतरलेलं मूल आणि मित्रांशी बडबडत चालत आलेलं मूल यांत काय फरक असतो.

चालणाऱ्या मुलाला आपला भाग कळतो. कोणत्या वळणावर पाणी साचतं, कुठलं कुत्रं भुंकतं पण चावत नाही, कुठल्या झाडाखाली शेंगा पडतात, अडचण आली तर कुठल्या दारावर थाप मारायची. गाडीच्या मागच्या सीटवरून यातलं काहीच हाती लागत नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते. मला सर्वांत प्रभावी वाटणारा उपाय पहिला सांगते, कारण त्यालाच सर्वांत जास्त विरोध होतो. शाळा भरताना आणि सुटताना गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंद करा. इटलीतल्या बोल्झानो शहराने हे १९८९ पासून केलं आहे. लंडनमध्ये विशेषतः २०२० नंतर अशा शेकडो शाळांपुढचे रस्ते ठरलेल्या वेळेपुरते बंद होऊ लागले. तिथल्या अठरा प्राथमिक शाळांजवळ हवा मोजली, तेव्हा सकाळी मुलं सोडण्याच्या वेळेत गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू २३ टक्क्यांपर्यंत कमी झालेला आढळला. पॅरिसने पुढची पायरी गाठली: शाळांपुढचे कितीतरी रस्ते कायमचे बंद करून तिथे झाडं लावली. मार्च २०२५ मध्ये आणखी ५०० रस्ते पादचाऱ्यांना देण्याबद्दल मत घेतलं, तेव्हा मतदान फारच थोड्यांनी केलं, पण केलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाजूने होते.

रस्ता बंद म्हणजे रहिवाशांची कोंडी नव्हे. तिथे राहणारे, रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि ज्यांना चालता येत नाही अशा मुलांच्या गाड्या यांना मोकळीक असते. उलट, अपंग मुलाची गाडी आज गेटपर्यंत पोचूच शकत नाही, कारण चालू शकणाऱ्या मुलांच्या गाड्यांनी ती जागा भरलेली असते. दिवसातून दोनदा अर्धा तास, दोन अडसर, दोन्ही टोकांना एकेक माणूस. परवानगी नगरपालिका आणि वाहतूक पोलिसांकडून लागते, आणि एका पालकाच्या अर्जापेक्षा शाळेच्या लेटरहेडवरच्या अर्जाची दखल फार लवकर घेतली जाते. महिनाभर प्रयोग म्हणून मागा. कायमचं मागितलं की बैठका सुरू होतात.

रस्ता बंद केला की पालक एक चौक मागे मुलांना सोडतील आणि गर्दी तिथे सरकेल, हा आक्षेप मला पटतो. म्हणून त्यासोबत उतरण्याच्या जागा ठरवाव्या लागतात. शाळेपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर, एकाच ठिकाणी नव्हे तर वेगवेगळ्या दिशांना तीन-चार. लांबून येणारी मुलं तिथे उतरतील आणि पुढे सगळ्यांबरोबर चालतील. लांबच्या मुलांना चालण्यातून वगळायचं कारण नाही.

तिथून पुढे मुलांना एकटं सोडायचं नाही. ऑस्ट्रेलियातले डेव्हिड एंग्विक्ट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘चालत्या बस’ची कल्पना मांडली: ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्समध्ये अशी बस सुरू झाली आणि मग ती देशोदेशी पसरली. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेतल्या मुलांनी चालत जाणं हीच रीत आहे. शाळेचे मार्ग ठरलेले असतात, अनेक ठिकाणी वस्तीतली मुलं गट करून निघतात, मोठ्या वर्गातलं मूल पुढे असतं आणि चौकात स्थानिक लोक उभे राहतात.

चालत्या बसचं यश दोन बारीक गोष्टींवर ठरतं, आणि त्या माझ्या मते कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठ्या आहेत. एक, वेळ. ‘साधारण आठ वाजता’ म्हटलं की आठवड्याभरात सगळं विस्कटतं. थांब्यावर ८ वाजून ५ मिनिटं म्हणजे ८ वाजून ५ मिनिटं, मग कोणी येवो न येवो. दुसरी, पाळ्या. एकच उत्साही आई रोज चालत राहिली की दोन महिन्यांत ती थकते आणि गट संपतो. प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्यातून एकच सकाळ आली पाहिजे. पाळ्यांचा तक्ता शाळेने लावला तर तो टिकतो. पालकांच्या ग्रुपवर सोडला तर त्यावर फक्त निरोप येत राहतात.

मुलांना थोडं मोठं होऊ देणं हाही यातलाच भाग. कोपऱ्यावर थांबून चौथीतली मुलगी सगळ्यांची डोकी मोजते, एक कमी भरतं, मागे वळून पाहते तर लहानगा मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवा बसलेला. ती त्याला हाताला धरून आणते आणि पुन्हा मोजते. जबाबदारीवर निबंध लिहून हे येत नाही.

सायकलबद्दल बोलताना सगळे नेदरलँड्सचं नाव घेतात, जणू तिथली माणसं सायकलवरच जन्मतात. तसं नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. ज्यांची मुलं गेली ते आणि इतर पालक ‘मुलांची हत्या थांबवा’ असं नाव घेऊन रस्त्यावर उतरले. त्या रेट्यातून वेगळे सायकलमार्ग आणि संथ गतीच्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि आज तिथली माध्यमिक शाळेतली बहुसंख्य मुलं सायकलने शाळेत जातात. बार्सिलोनात २०२१ पासून मुलं आणि पालक घोळका करून सायकलवर शाळेत जातात. सगळ्यांनी मिळून एक अख्खी मार्गिका व्यापली की गाड्यांना आपोआप त्यांच्या वेगाने यावं लागतं.

सायकल कुठवर नेते याचं बिहारइतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिथल्या सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात असं दिसलं की योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि ही वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथली. मुली घोळक्याने जाऊ लागल्या, त्यामुळे वाटही सुरक्षित झाली.

शाळेच्या हातात यातलं काय आहे? छपराखालचा, दिसेल अशा जागेचा, कुलूप लावता येईल असा सायकल स्टँड. हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढायचं सामान. पाचवी-सहावीत मैदानावर सायकलचे काही तास: एक हात सोडून वळणाची खूण करणं, मान वळवून मागे पाहूनही सरळ रेषेत राहणं, थांबलेल्या गाडीच्या दारापासून अंतर ठेवणं. ‘सायकल स्वतःच्या जबाबदारीवर आणावी’ अशी पाटी असेल तर ती काढून टाका. मुलांना त्यातून एवढंच समजतं की सायकल शाळेला नको आहे.

खूप लांबून येणाऱ्यांसाठी बसच. एका भरलेल्या बसने वीस-तीस गाड्या तरी कमी होतात. बसचे मार्ग शाळेने दरवर्षी नव्या पत्त्यांप्रमाणे पुन्हा आखले पाहिजेत. जिथे बस दीड तास फिरवते तिथे पालक ती सोडतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

दप्तराबद्दल पालक बोलतील. त्यांचं बरोबर आहे. वजनदार दप्तर घेऊन मूल एक किलोमीटर चालणार नाही, म्हणून वर्गात वह्या-पुस्तकं ठेवायला कप्पे हवेत. पावसाबद्दल बोलतील, रेनकोट वाळत घालायला खुंट्या आणि एक जादा कपड्यांचा जोड ठेवायला जागा द्या. अनोळखी माणसाची भीती मात्र खरी आणि खोल आहे, तिला हसून उडवू नका. तिच्यावर उपाय गटाचा आणि ओळखीच्या चेहऱ्यांचा आहे. रस्ता जितका रिकामा, तितका तो भीतीचा, आणि तो रिकामा केला आहे आपण.

एक विनंती मनापासून. यासाठी एक दिवसाचा कार्यक्रम करू नका. फलक, घोषणा, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग, असं मुलांनी पाहिलं की ती फार लवकर शिकतात की हे विषय बोलायचे असतात, करायचे नसतात. बक्षिसांवरही माझा विश्वास नाही. चालण्याचं बक्षीस बंद झालं की चालणंही बंद होतं. आणि जे पालक गाडीने येतात त्यांना सूचनाफलकावरून दटावू नका. त्यांतल्या अनेकांना कामावर पोचायचं असतं आणि दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नसतो. शिक्षकांनी आणि तुम्ही स्वतः आठवड्यातून दोन दिवस उतरण्याच्या जागेपासून मुलांबरोबर चालत यावं. ते कोणत्याही परिपत्रकाहून जास्त काम करेल.

सुरुवात या आठवड्यातच करता येईल. सकाळी हजेरीच्या वेळी प्रत्येक वर्गात हात वर करायला सांगा: आज चालत कोण आलं, सायकलने कोण, बसने कोण, गाडीने कोण. मग विचारा, तुम्हाला कसं यायला आवडेल? दोन उत्तरांमधलं अंतर कागदावर लिहून ठेवा. नंतर परिसराचा मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि जिथे भीती वाटते तिथे मुलांना लाल टिकली लावू द्या. टिकल्यांची दाटी कुठे होते ते पाहा आणि तो नकाशा घेऊन नगरपालिकेत जा. फुटपाथ कुठे हवा, झेब्रा क्रॉसिंग कुठे पुसलं गेलंय, गतिरोधक कुठे लागेल, हे त्यातून जितकं स्पष्ट कळेल तितकं दुसऱ्या कशातून कळणार नाही.

पालकांच्या पुढच्या सभेत हा विषय शेवटी, ‘इतर’ या सदरात नको. पहिला घ्या. चौकात उभं राहण्याच्या पाळ्यांचा तक्ता कराल तेव्हा त्यात माझं नाव सकाळच्या पाळीत लिहा. बुधवारी मला जमणार नाही, बाकी कोणताही दिवस चालेल.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आई